लग्नाच्या संध्याकाळपुरते सरळ केस : एका कुरळ्या केसांचं प्रकरण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मुलगी दोघी मिळून पार्लरमध्ये आल्या. मुलगी २८ वर्षांची, हिंजवडीला आयटीत नोकरी. लग्न मेच्या मध्यावर, रत्नागिरीत. मागणी स्पष्ट होती, पार्लरमध्ये 'केराटिन' म्हणून देतात त्या उपचारानं केस सरळ करायचे. "ताई, लग्नाच्या दहा दिवस आधी केराटिन करून घ्यायचंय. पुढे चार-पाच महिने केसांकडे बघायला नको." दुसऱ्या एका ठिकाणी ती पॅकेज विचारून आली होती. त्यात केराटिनबरोबर फेशियल आणि पेडिक्युअरही होतं.

मी कोथरूडमध्ये २२ वर्षं हे काम करते. केसांना कमीत कमी इजा होईल अशी सरळ करायची पद्धत कोणती, हे मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारलं जातं. त्याचं उत्तर पद्धतीच्या नावात नसतं. केसांवर आधी काय काय झालंय आणि ते नेमके किती तास सरळ हवेत, यात ते असतं. या मुलीच्या बाबतीत ते इतकं लख्ख दिसलं, की तिला विचारून, नाव न देता, सगळं लिहून काढतेय.

केस पाहिले तेव्हा

ओले करून, ओढून मोजले. मुळापासून २९ सेंटिमीटर दाट, स्प्रिंगसारखे कुरळे. त्याच्यापुढे १२ सेंटिमीटर एकदम सपाट, टोकांना दुभंगलेले. दोन वर्षांपूर्वी रीबाँडिंग, म्हणजे रसायनाच्या क्रीमनं केस कायमचे सरळ करणं, झालं होतं, असं ती म्हणाली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे हिशेब जुळत होता. म्हणजे डोक्यावर एकाच वेळी दोन प्रकारचे केस होते आणि दोन्हींची सहनशक्ती वेगळी होती.

मी गेल्या तीन वर्षांतलं सगळं विचारते आणि वहीत लिहून ठेवते. रंग? नाही. हायलाइट्स? नाही. घरी केस सरळ करायचं तापतं मशीन? कधीतरी, ऑफिसच्या कार्यक्रमाला. बाकी काही नाही म्हणाली. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, दिवाळीच्या आधी काळी मेहंदी नाही का लावलीस?"

मेहंदीला कुणी केमिकल समजत नाही, म्हणून ती सांगितलीच जात नाही. मेहंदीच्या पानाचा स्वतःचा रंग लालसर-केशरी. पाकिटातली मेहंदी तासाभरात केस काळेभोर करत असेल, तर त्यात आणखी काहीतरी घातलेलं असतं. बहुतेकदा पीपीडी हा रंगाचा घटक असतो. काहींत धातूंचे क्षार असतात, आणि मला भीती त्या क्षारांची. रीबाँडिंगच्या शेवटी जे न्यूट्रलायझर लावतात, त्यात बऱ्याचदा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. केसांत तांबं किंवा शिसं बसलेलं असेल तर पेरॉक्साइडशी त्याची इतकी जोरात प्रतिक्रिया होऊ शकते, की केस तापतो आणि हातात तुटून येतो.

म्हणून मानेजवळच्या खालच्या थरातले वीसएक केस कापून घेतले. काचेच्या वाटीत ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड, त्याच्या विसाव्या हिश्शाइतकं अमोनिया, आणि त्यात ते केस. ही चाचणी ब्युटी कोर्सच्या पुस्तकांत असते, पण पार्लरमध्ये फार कमी जणी ती करतात. (घरी मात्र करू नये, अमोनियाचा वास छातीत बसतो.) काही मिनिटांत द्रावण कोमट झालं, बुडबुडे आले, कुबट वास सुटला. केस बाहेर काढून दोन बोटांत ओढले तर कणकेसारखे लांबले आणि तुटले. तांब्याची खूण अशीच असते.

मुलगी ते बघत होती. आईनं विचारलं, "म्हणजे डोक्यावर असंच झालं असतं?" मी हो म्हणाले.

रीबाँडिंग का नाही

केसाचा आकार त्याच्या आतल्या केराटिन नावाच्या प्रथिनात ठरतो. त्या प्रथिनाचे धागे एकमेकांना गंधकाच्या पक्क्या बंधांनी जोडलेले असतात. रीबाँडिंगचं क्रीम म्हणजे बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट, सामू (पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) ९च्या आसपास. ते हे बंध सोडवतं. मग मशीननं केस सरळ दाबायचे आणि न्यूट्रलायझरनं बंध नव्या जागी परत जोडायचे. सगळे परत जुळत नाहीत, आणि नुकसान म्हणजे नेमकं तेच. 'स्मूदनिंग' म्हणून जे देतात, त्याच्या डब्यावरही बऱ्याचदा हेच रसायन असतं. फक्त जोर कमी आणि मशीन हलकं.

कुरळ्या केसाला हे जास्त का लागतं? त्याचा आडवा छेद चपटा असतो. प्रत्येक वळणावर वरचे खवले थोडे उचललेले असतात, आणि टाळूचं तेल वळणं उतरत टोकापर्यंत पोचत नाही. तो मुळातच कोरडा असतो.

असं असलं तरी रीबाँडिंगला मी सरसकट वाईट म्हणत नाही. माझ्याकडे एक शिक्षिका येतात. केस जाड, कधी रंग नाही, मेहंदी नाही, आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी २०० अंशांवर मशीन फिरवायची सवय. त्यांचं रीबाँडिंग मी स्वतः केलं, आणि दर वर्षी फक्त मुळाशी वाढलेल्या नव्या केसांवर करते. आधी सरळ झालेल्या भागाला क्रीमचा थेंब लागू देत नाही. वर्षाचे तीनशे दिवस तापवलेल्या पत्र्यात केस दाबण्यापेक्षा वर्षातून एकदा, नीट वेळ मोजून केलेलं रसायन त्यांच्या केसांना कमी जाचलं. रीबाँडिंगनं केस जातात ते बहुतेक वेळा आधी झालेल्या भागावर पुन्हा क्रीम गेल्यानं, किंवा क्रीम दहा मिनिटं जास्त राहिल्यानं.

या मुलीला मात्र ते दार बंद होतं. टोकांवर आधीच एकदा झालेलं, आणि वरच्या सगळ्या भागात तांबं.

आईनं आणखी एक नाव विचारलं. अमेरिकेतली तिची बहीण 'रिलॅक्सर' म्हणाली होती. ते सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीचं क्रीम असतं, सामू १२च्या वर. तिकडे आफ्रिकी वंशाच्या बायकांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलंय. थायोग्लायकोलेट लावलेल्या केसावर ते लावलं तर केस गळून हातात येतो, दोन्ही रसायनं एकमेकांना चालत नाहीत. आपल्याकडे ज्यांचं रीबाँडिंग झालेलं आहे, त्यांनी परदेशातून असा डबा मागवू नये.

केराटिनबद्दल

तिची मूळ मागणी ही होती, म्हणून तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

नावावरून वाटतं, केसात प्रथिन भरतात. प्रत्यक्षात सरळपणा येतो तो आम्लातून किंवा फॉर्माल्डिहाइडमधून, आणि ते केसात पक्कं बसवणाऱ्या २३० अंशांच्या मशीनमधून. एका बटेवर सात-आठ वेळा मशीन फिरतं. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळलं की डब्यावर 'मेथिलिन ग्लायकॉल' असं नाव येतं, आणि तापवलं की पुन्हा वायू होऊन खोलीत पसरतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं सलूनना धोक्याचा इशारा दिला, कारण 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' असं लिहिलेल्या बाटल्यांतही ते सापडत होतं.

मी स्वतः हे काम काही वर्षं केलंय. एसी लावून, दारं बंद करून. डोळ्यांतून पाणी यायचं, घसा जळायचा, हाताखालच्या मुली आळीपाळीनं बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनदा तो वास घेतं, आम्ही आठवड्यातून चारदा घ्यायचो. ते बंद केलं, आणि पुन्हा सुरू करणार नाही.

त्यानंतर ग्लायॉक्सिलिक आम्लाची उत्पादनं आली. नॅनोप्लास्टिया वगैरे नावांनी जे विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच डब्यांवर हे आम्ल दिसतं. धूर कमी, म्हणून सुरक्षित समजलं गेलं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिनं २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये एकेकदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हे आम्ल १० टक्के होतं. लावताना टाळू जळजळली होती, नंतर तिथे जखमा झाल्या होत्या. तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचलेले दिसले. हे होणाऱ्यांची संख्या मोठी नसेल, पण संध्याकाळच्या एका समारंभासाठी घ्यावी अशी ही जोखीम नाही. टाळू जळजळली तर "थोडं होतंच" असं म्हणणाऱ्या पार्लरमधून उठून यावं, ते धुऊन टाकावं.

आईनं व्हॉट्सॲपवर कर्करोगाचं वाचलं होतं. तिला मी मूळ आकडे सांगितले. २०२२ मध्ये अमेरिकेत ३३,४९७ बायकांच्या, जवळपास ११ वर्षं पाहिलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरलेल्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यावरून संबंध दिसतो, रसायनानंच झालं हे सिद्ध होत नाही. कोणतं उत्पादन होतं, हेही त्यात वेगळं काढलेलं नव्हतं. पण वरचेवर 'टचअप' करायचा बेत असेल, तर मला तो आकडा डोळ्यांसमोर ठेवावासा वाटतो.

किती तास?

मग तिला विचारलं, "तुला केस सरळ नेमके कधी हवेत?" ती म्हणाली, "लग्नात." मी म्हटलं, सकाळपासून सांग.

सकाळी नऊवारी, मुंडावळ्या, अंबाडा, त्यावर गजरे. अंबाड्यात केस सरळ असोत की कुरळे, दिसणार नाहीत. उलट कुरळ्यांचा अंबाडा भरतो, आतमध्ये गंगावन घालावं लागत नाही, पिना घट्ट बसतात. दुपारी जेवण, तोच अंबाडा. संध्याकाळी साडेसहाला स्वागत समारंभ, तिथे मोकळे सरळ केस हवे होते. दहा-साडेदहापर्यंत. म्हणजे चार तास.

ती गप्प राहिली. आई बोटांवर मोजत होती. चार-पाच महिने टिकणाऱ्या उपचाराची गरज चार तासांवर आली, तेव्हा रसायनाचा विषय आपोआप संपला. उरलं पाणी आणि उष्णता.

केस ओला झाला की आतले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना जसा धरला तसे पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडलेल्या दिसतात, ते यामुळेच. गंधकाच्या बंधांना हातही लागत नाही. केस धुतले की मूळ कुरळे परत. पण हवेतलं पाणीसुद्धा पाणीच, आणि लग्न मे महिन्यात रत्नागिरीला. सगळ्यात सौम्य पद्धत तिथे अर्ध्या तासात हरू शकते, ही माझी खरी काळजी होती.

तयारी आणि दोन चाचण्या

आधी टोकं कापायची होती. बारा सेंटिमीटर म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं वाढवलेले केस होते, ते मला समजत होतं. नऊ कापले, तीन ठेवले. आठवड्यातून एकदा, न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल. मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये तपासून प्रसिद्ध केलं होतं, की धुण्याच्या आधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. आपल्या आज्यांना हे हातांनी माहीत होतं. बाकी भरपूर कंडिशनर, ओल्या केसांत रुंद दातांची फणी, आणि घरचं मशीन कपाटात. लग्नापर्यंत मेहंदी अजिबात नाही.

मार्चच्या शेवटी पहिली चाचणी. भांग पाडून डोक्याचे दोन भाग केले. डावीकडे नुसता ब्लो ड्राय, ताण देऊन, मग मोठे रोलर लावून थंड होईपर्यंत ठेवले. उजवीकडे तोच ब्लो ड्राय, आणि मग १८० अंशांचं मशीन, प्रत्येक सेक्शनवर एकदाच.

ड्रायर दोन्हीकडे १५ सेंटिमीटरवर, सतत हलता. कोरियातल्या एका अभ्यासात २०११ मध्ये दिसलं होतं, की इतक्या अंतरावरून ड्रायर हलवत वाळवलेल्या केसांना आपोआप वाळवलेल्यांपेक्षाही कमी इजा झाली, कारण केस तासन्‌तास ओला राहिला की आतून फुगतो. पाच सेंटिमीटरवर आणला तर तोच ड्रायर केस ९५ अंशांपर्यंत तापवतो.

मशीन लावण्याआधी केस पूर्ण कोरडा लागतो. यात मी कुणाचं ऐकत नाही. ओलसर केसावर मशीन पडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, बाहेर पडायला जागा नसते, आणि केसात बारीक पोकळ्या पडतात. त्या भरून निघत नाहीत. 'चर्र' असा आवाज आला तर हात थांबला पाहिजे. आणि ज्या मशीनवर आकडे नाहीत, नुसतं कमी-जास्त आहे, ते कुरळ्या केसांना लावूच नये.

दोन्ही बाजू सुंदर झाल्या. पुण्याच्या मार्चमध्ये त्या तीन दिवस टिकल्याही असत्या, म्हणून तो निकाल मला पुरेसा नव्हता. पार्लरच्या न्हाणीघरात कढत पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या, दार लावलं आणि तिला वीस मिनिटं आत बसवलं. बाहेर आली तेव्हा डावी बाजू लाटांवर गेली होती. उजवी बरीच टिकली होती. फक्त कपाळाची रेघ आणि मानेजवळचे केस पिंजारले होते.

एप्रिलमध्ये दुसरी चाचणी, पूर्ण डोकं मशीननं, आणि वरून डायमेथिकोन या सिलिकोनचं सिरम, वाटाण्याएवढं, टोकांकडून वर. सिलिकोनला समाजमाध्यमांवर उगाच दुष्ट ठरवलंय. दमट हवेत केसात शिरणारी वाफ अडवायला त्याच्याइतकं स्वस्त आणि निरुपद्रवी दुसरं काही मला सापडलेलं नाही, आणि पुढच्या शाम्पूला ते बरंचसं निघतं. पुन्हा बादल्या, पुन्हा वीस मिनिटं. केस टिकले. कपाळावरचे तेवढे ऐकेनात, म्हणून पुढचे केस दोन्ही बाजूंनी मागे घेऊन छोट्या पिनेत बांधायचे ठरवलं.

रत्नागिरी

मी आणि हाताखालची एक मुलगी, दोघी आदल्या दिवशी पोचलो. केस आदल्या रात्री धुऊन, ब्लो ड्रायनं पूर्ण वाळवून सैल वेणीत ठेवले. सकाळी त्यांचाच अंबाडा. साडेचारला पिना काढल्या. हॉलमधली वधूची खोली एसीची असावी, हे मुलाकडच्या काकूंना महिनाभर आधी कळवलं होतं आणि त्यांनी ती मनापासून मिळवून दिली. त्या खोलीतच एक तास दहा मिनिटांत मशीन, सिरम, पिना. एका सेक्शनवर एकदाच. दोन ठिकाणी दुसऱ्यांदा फिरवावं लागलं, दोन्ही कपाळाजवळ.

साडेनऊपर्यंत केस सरळ होते. नंतर मानेशी घामानं वळायला लागले, आणि साडेदहाला फोटो संपले तेव्हा मागच्या खालच्या थरात लाटा आल्या होत्या. स्टेजवरून कुणाला दिसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पूजेच्या आधी तिनं केस धुतले.

जुलैत ती पुण्याला माहेरी आली तेव्हा मी पुन्हा मोजमाप घेतलं. कुरळेपणा जवळजवळ पूर्ण परतला होता. उरलेली तीन सेंटिमीटरची सपाट टोकं तिनं स्वतःहून कापायला सांगितली. पण कपाळाजवळच्या दोन बटा, जिथे मशीन दोनदा फिरलं होतं, त्या ओल्या केल्या तरी वळेनात. मरगळलेल्या राहिल्या. चूक माझी होती. कपाळावरचे केस मागच्यापेक्षा बारीक असतात आणि मी सगळ्या डोक्याला एकच तापमान ठेवलं होतं. दुसऱ्यांदा फिरवायच्या ऐवजी तिथे पिन आधी लावायला हवी होती. तिला तसं सांगितलं आणि त्या बटा हनुवटीपर्यंत कापल्या.

तिनं विचारलं, पुढेमागे कायमचे सरळ करायचे झाले तर? वहीत तिच्या पानावर मी त्याच दिवशी लिहिलंय : कपाळाचे केस १६०, बाकीचे १८०, एकदाच. काळ्या मेहंदीचा शेवटचा सेंटिमीटर कापला जाईपर्यंत रीबाँडिंग नाही. त्याआधी पुन्हा वाटीतली चाचणी.